शालनची जन्मतारीख

वसुधा, काल शालनचा फोन आला होता. म्हणाली, "जयवंतीबाई, मी काय रविवारच्या परीक्षेला बसत नाही. वसुधाबाई होत्या तोवर ठीक होतं. आता नको. आपल्याला डोकं नाही, हे मला लहानपणापासून माहीतच आहे की." त्यावर मी काहीतरी पुटपुटले. काय ते आठवत नाही. मंगळवारी चार वाजता चहाला ये, एवढं मात्र सांगितलं आणि फोन ठेवला.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. तुझ्या भाचीने मला तुझ्यावर लिहायला सांगितलंय, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकासाठी. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती असं सगळं तिने एका कागदावर नीट लिहून पाठवलं. पोरगी तुझ्यासारखीच टापटिपीची आहे. तो कागद मी बाजूला ठेवला. त्यातलं सगळं तुला ठाऊक आहे. मला तुला ठाऊक नसलेलं सांगायचं आहे. ते छापायला द्यायचं की नाही ते नंतर बघू.

उद्या चारच्या आत मला ठरवायचं आहे की शालनला सांगायचं की नाही. सांगितलं तर ती परीक्षेला बसेल, निदान बसण्याची आशा तरी आहे. पण मग ती माझ्याकडे कोणत्या नजरेने बघेल? आणि न सांगावं, तर ती इस्पितळात आयाच राहणार. खात्यातल्या परीक्षेतून कारकुनाची जागा मिळवायची ही तिची शेवटची संधी, पुढच्या खेपेला वय उलटून जाईल. पन्नाशीच्या बाईचं वय! वयावरूनच सगळं घडलं बघ. पण ते ओघाने येईल. मला आधीपासून सांगू दे, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन.

तू शाळेत माझ्याआधी पाच वर्षं लागलेली. गिरगावची, खोताची वाडी ओलांडली की दोन मिनिटांवर घर, घरात आजोबा-पणजोबांपासून सगळे कचेऱ्यांतून खुर्चीवर बसलेले. मी माझगावच्या कोळीवाड्यातली, लग्न करून लालबागला चाळीत आलेली, नवरा गिरणीत. पहिल्या दिवशी शिक्षकखोलीत तू मला विचारलंस, "मासे खातेस ना?" मी म्हटलं, "माझी आई विकते." तू लगेच खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलीस. तुम्हा लोकांचा जीव माशांत, हे मला तेव्हा कुठे माहीत? मला वाटलं, केवढी साधी बाई. पुढच्या रविवारी तू माझ्या आईशी कोलंबीच्या वाट्यावरून अशी घासाघीस केलीस की आई मला म्हणाली, "तुजी मयतरीण लय चेंगट हाय गो."

तुझ्याकडे एक हिरवा पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात बुद्धिमापन चाचणीचं सगळं सामान, चित्रांचे पत्ते, लाकडी ठोकळे, सेकंद मोजायचं घड्याळ. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली आपल्या शाळेत तू एकटी. तो खोका तू कपाटात ठेवून कुलूप लावायचीस आणि किल्ली पदराला. आम्ही सगळ्या हसायचो.

"बुद्धी एकच असते जयू," तू म्हणायचीस. "गणित घे, भाषा घे, कोडी घे, सगळ्यांच्या बुडाशी तीच. आणि ती मोजता येते."

"ताप मोजतात तशी?"

"तशीच."

"ताप उतरतो की."

"तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे..." असं म्हणून तू डबा उघडायचीस. पण मुद्दा सोडायची नाहीस. मला तुझं एक बोलणं अजून शब्दन् शब्द आठवतं. परीक्षेत मार्क मिळवायला घरी दिवा लागतो, शिकवणी लागते, वडील शुद्धीवर असावे लागतात. माझ्या चाचणीला यातलं काही लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत अकरा माणसं राहत असली तरी त्या पोरीची बुद्धी मी बाहेर काढून दाखवीन. असं म्हणायचीस, आणि करूनही दाखवायचीस. भोईवाड्याच्या त्या मुलीला सगळ्या वर्गाने दगड ठरवलं होतं. तुझ्या चाचणीत ती वर आली आणि तू मुख्याध्यापकांशी भांडून तिला शिष्यवृत्तीच्या वर्गात बसवलंस. ती आज डॉक्टर आहे. तुला पोचवायला आली होती, रडत होती. तेव्हा तुझा आकडा म्हणजे काही नुसता दुष्टपणा नव्हता. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही. आता करते.

माझं म्हणणं वेगळं होतं. बुद्धी एक नसते, दहा असतात, आणि त्यातल्या आठ तुझ्या खोक्यात मावत नाहीत. पुरावा म्हणून मी माझी आई दिली. तू म्हणालीस, ठीक आहे, आईंची चाचणी घेऊ. आठवतं? भाऊच्या धक्क्यावरून आई नुकती आली होती, पाटी खाली ठेवून पाय चोळत बसलेली. तू चार चित्रं तिच्यापुढे मांडलीस. मासा, बोट, पक्षी आणि मांजर. "आई, यातलं वेगळं कुठलं?"

"मांजार," आई म्हणाली.

"कसं काय?" तुला बोट हवी होती. बाकीच्यांत जीव आहे, बोटीत नाही.

"बाकीची तिन्ही दर्यावर दिसतान. मांजार कदी दर्यावर पायलास तू?" आणि वर म्हणाली, "बाय, यवडा शिकून तुला यवडा पन नाय कलत?"

तू शून्य गुण लिहिलेस. खरोखर लिहिलेस, मी पाहिलं. मग घरी जाताना जिन्यावर थांबलीस आणि म्हणालीस, "उत्तर बरोबर आहे गं. पण गुण कसे देऊ? पुस्तिकेत नाही." तो सगळा रविवार तू अस्वस्थ होतीस. मला मात्र मजा वाटत होती. तेव्हा असल्या गोष्टींची मजा वाटायची.

मग गिरण्यांचा संप झाला. पहिले दोन-तीन महिने वाटलं मिटेल. मग पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी चुलीवर कढई न चढताच गेली. वर्गातली मुलं कमी होऊ लागली. आज चार बाकं रिकामी, उद्या सहा. कुणी कणकवलीला गेलं, कुणी साताऱ्याकडे. हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं की मुलं एकसुरात ओरडायची, "गावाला गेला!" आमच्याही घरी नवरा दिवसभर सज्जात बसून. मी घराबाहेर पडले की घर चालायचं, न पडले तर नाही. हे निमित्त म्हणून सांगत नाही. निमित्त म्हणूनच सांगतेय खरं तर.

संपाला वर्ष उलटलं आणि संस्थेने ठरवलं की पाचवीच्या चार तुकड्या परवडत नाहीत. चौथीच्या सगळ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घ्यायची, पंच्याऐंशीच्या वरची अ, ब, क मध्ये. खालची ड मध्ये, दुपारच्या वेळेत, मागच्या पत्र्याच्या वर्गात. ड तुकडी पुढे बंदच करायची, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. आणि चाचणी घेणार कोण? वसुधाबाई.

आपण दोघी किती भांडलो त्यावरून! मी म्हटलं, या पोरांच्या पोटात अन्न नाही आणि तू त्यांना ठोकळे जुळवायला लावणार? दुसऱ्या दिवशीपासून तू पिशवीतून केळी आणि चणे-गूळ आणायला लागलीस. मूल आधी खाणार, पंधरा मिनिटं खेळणार, मग चाचणी. मी म्हटलं, तुझ्या प्रश्नांत पियानो आहे, आमच्या पोरांनी पियानो बघितला नाही. तू रात्र रात्र बसून पियानोच्या जागी पेटी घातलीस, टेनिसच्या जागी विटीदांडू. मी म्हटलं, मुलं तुला घाबरतात. तू खुर्ची सोडून सतरंजीवर बसलीस. एकेका मुलामागे तासभर, अशी दीडशे मुलं. चुकीच्या सगळ्या वाटा तू एकेक करून बुजवल्यास. एक सोडून. ती माझ्याकडून येत होती.

तुझं सूत्र सोपं होतं. मुलाचं बौद्धिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं, शंभराने गुणायचं. बौद्धिक वय तू काढायचीस. खरं वय मी वर्गशिक्षिका म्हणून शाळेच्या रजिस्टरातून उतरवून द्यायची.

आता ऐक. मी नोकरीला लागले त्या जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाच्या टेबलावर मला बसवलं होतं. आयांची रांग. दाखला कुणाकडे नाही. सगळीकडे रीत अशी की तारीख नसली तर एक जून लिहायचं आणि सहा वर्षं पुरी होतील असं साल घालायचं. पण आमच्या मुख्याध्यापकांनी बजावलं होतं की निम्मा वर्ग एक जूनला जन्मलेला दिसला तर तपासणीला येणारे साहेब हसतात. मी नवी, हुशारी दाखवायची हौस. मी तारखा पसरल्या. कुणाला एकोणीस एप्रिल, कुणाला तीन मे. अगदी खऱ्यासारख्या.

त्या रांगेत शालनची आई होती. गिरणीतल्या बारा-पंधरा गड्यांची खानावळ चालवायची. शालन तिच्या कडेवरून खाली उतरायला तयार नाही. मी विचारलं, कधी झाली? "दिवाळीत, बाय. वसुबारसेक." साल मोजलं तर पोर साडेचार वर्षांची. मी म्हटलं, अजून लहान आहे, पुढल्या वर्षी आण. तर ती रडायलाच लागली. "घराकडे बघूक कोण नाय गे. कालच तिचा हात तव्याक लागलो. तुझ्या पाया पडतंय." मी पोरीचा हात बघितला. आणि लिहिलं, तेवीस मे. एक वर्ष आणि पाच महिने वाढवून. मला वाटलं, मी किती चांगली बाई आहे.

तुझ्या घरी मूल जन्मलं की घटका-पळं लिहून ठेवतात, गुरुजी पत्रिका करतात, ती ट्रंकेत जाते. माणसाला जन्मतारीख नसते, ती शाळेच्या टेबलावर एखादी नवी शिक्षिका बनवते, हे तुझ्या स्वप्नातही आलं नसतं. तू रजिस्टर उघडून मला फक्त एवढंच म्हणालीस, "अक्षर छान आहे गं तुझं."

आणि खरं सांगते वसुधा, देवाशपथ, तारखा उतरवून देताना माझ्याही डोक्यात काही आलं नाही. मी तेव्हा तुझ्याशी भांडण्यात गुंतले होते. बुद्धी एक की दहा, हे मोठं मोठं. यादी लागायच्या आदल्या दुपारी तू मला कागद दाखवलास. शालन, ब्याऐंशी. मी शालनला ओळखत होते. वर्गात बसून सगळ्यात आधी उत्तर देणारी नव्हती, पण दिलेलं उत्तर कधी चुकायचं नाही. मी विचारलं, "ही इतकी खाली कशी?" तू म्हणालीस, "मलाही आश्चर्य वाटलं. बौद्धिक वय आठ आलं. आणि मुलगी पावणेदहाची आहे ना."

त्या क्षणी मला समजलं. पावणेदहाची नाही, आठ वर्षं चार महिन्यांची आहे. मी मनातल्या मनात भागाकार केला, माझं गणित कच्चं तरी केला. शहाण्णव. ती ब मध्ये जायला हवी होती.

मी तोंड उघडलं होतं. तू माझ्याकडे बघतही होतीस. पण शाळेच्या रजिस्टरात खोट्या तारखा लिहिणाऱ्या शिक्षिकेला कोण ठेवतं? आणि घरी माझा एकटीचाच पगार. मी म्हटलं, "वसुधा, ही तुझी सगळी चाचणीच खोटी आहे. माणसाची बुद्धी अशी मोजता येत नाही." तावातावाने म्हटलं. शिक्षकखोलीतल्या सगळ्या वळून बघायला लागल्या. माझं तत्त्वज्ञान त्या दुपारी पक्कं झालं. त्याआधी ती नुसती हौस होती.

माझ्या हातच्या तारखा एकंदर अकरा. बाकी दहा जणांपैकी कुणाला किती फटका बसला मी कधी हिशेब केला नाही. केला नाही म्हणजे करवला नाही. शालन ड मध्ये गेली. सातवीत शाळा सुटली.

पुढे आपली भांडणं काही थांबली नाहीत. हिंदमाताला दुकानात तू साडी बघत होतीस आणि मी ब्लाउजपीस. दुकानदार पट्टीवर कापड मोजत होता. तू म्हणालीस, "बघ, मोजल्याशिवाय चालतं का कुणाचं?" मी म्हटलं, "कापड बघू नको, त्याचा हात बघ. ताणून मोजतोय." तो बिचारा ओशाळला आणि चार बोटं कापड जास्त सोडलं. तू हसत सुटलीस. मी पण हसले. बाहेर पडल्यावर मला फुटपाथवर बसायला लागलं. तू रसवंतीतून ऊसाचा रस आणून दिलास. "उन्हाचं झालं असेल," म्हणालीस. उन्हाचं नव्हतं.

मग नव्या वाऱ्याची प्रशिक्षणं आली. बुद्धी सात प्रकारची, मग आठ प्रकारची. भिंतीवर रंगीत तक्ते, नाचणारा मुलगा, झाडाला पाणी घालणारी मुलगी. मी तर हवेत! पंधरा वर्षं मी म्हणत होते तेच साहेब लोक फळ्यावर लिहीत होते. तू मागच्या बाकावर बसून मला चिठ्ठी पाठवलीस, अजून आहे माझ्याकडे. "आता गणितात नापास झालेल्या पोरीला तू निसर्गात हुशार आहेस असं सांगून घरी पाठवा. झाडाला पाणी घालायची नोकरी कोण देणार तेवढं साहेबांना विचार." मी तुला गर्विष्ठ म्हटलं. आठवडाभर बोलले नाही. त्यानंतर आली ती बुद्धी वाढते, मेंदू स्नायूसारखा आहे, वगैरे. शाळेच्या जिन्यात पाट्या लागल्या, 'मला अजून येत नाही, पण येईल.' त्या साली शाळेला गणिताचा शिक्षकच नव्हता. तू त्या पाटीखाली उभी राहून म्हणालीस, "येईल, पण कोण शिकवणार ते लिहायचं राहिलं." त्या वेळी मात्र मला हसू आवरलं नाही.

दरम्यान तू शालनला शोधून काढलं होतंस. मला बरेच दिवस पत्ताच नव्हता. ती लालबागला एका डॉक्टरकडे झाडलोट करत होती. तू तिला रात्रशाळेत घातलंस. दर गुरुवारी तिच्या लालबागच्याच खोलीवर जायचीस, चौथ्या मजल्यावर, गुडघे धरून. दहावीला ती तीनदा नापास झाली, चौथ्यांदा पास. मग इस्पितळातली नोकरी. मग आता ही कारकुनाची परीक्षा. तू मला दोनदा म्हणालीस, "ये ना गं गुरुवारी, निबंध तू शिकव, मला कंटाळा येतो." मी दोन्ही वेळा काहीतरी कारण काढलं. तुला वाटलं असेल मला जिने चढवत नाहीत.

आणि गेल्या महिन्यातली ती दुपार. तू खाटेवर उशीला टेकून, शालनची वही मांडीवर. म्हणालीस, "जयू, ही मुलगी मला कळत नाही. बघ, शेकडेवारी बरोबर, काळ-काम-वेग बरोबर. ब्याऐंशीच्या मुलीला हे यायला नको. माझ्या हातून त्या दिवशी काही चुकलं होतं, की चाचणीच चुकीची?"

चाळीस वर्षांनी तू सरळ विचारलंस. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझी नोकरी संपून जमाना झाला होता, नवरा गेला होता, मुख्याध्यापक गेले होते. मला कुणी काही करणार नव्हतं. आणि मी म्हटलं, "चाचणीच चुकीची."

तू वही मिटलीस. मग म्हणालीस, "म्हणजे तुझंच खरं होतं. मी उगीच इतक्या पोरांना..." वाक्य पुरं केलं नाहीस. आणि मी, वसुधा, मी काय म्हटलं आठवतंय? "चला, एकदाचं कबूल केलंस." हसत म्हटलं. तू पण हसलीस. तेवढ्यात तुझी भाची औषध घेऊन आली.

तू गेलीस ती असं समजून की तुझी सगळी मेहनत वाया होती. तुझं गणित बरोबर होतं गं. माझा आकडा खोटा होता. बुद्धी एक की दहा, ते मला अजून माहीत नाही. पण त्या दिवशी प्रश्न तो नव्हताच.

उद्या शालन चारला येणार आहे. सांगेन म्हणते. आत्ता तरी म्हणते.

*

बुधवार दुपार. शालन काल येऊन गेली.

येताना तू गणितं घालून दिलेली ती वही घेऊन आली होती, मला द्यायला. परत करायची म्हणून. मी चहा केला, त्यात साखर घालायची विसरले, तिने तसाच प्यायला. मी म्हटलं, शालन, तुला एक सांगायचंय, मधे बोलू नको. आणि सांगितलं. रांग, तिची आई, तव्याने भाजलेला हात, तेवीस मे. भागाकार कागदावर करून दाखवला. तीनदा खोडलं. शहाण्णव लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई म्हणायची, तू दिवाळीतली. मी म्हणायचे, नाही, दाखल्यावर मे आहे. भांडायचे मी तिच्याशी." मग, "वसुधाबाईंना हे माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे मी ब्याऐंशीचीच, असं धरून त्या येत होत्या?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

तिने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. "आणि तुम्हाला माहीत होतं, मी तशी नाही."

मी मान हलवली.

"मग तुम्ही का नाही आलात, बाई?"

वसुधा, तिचं बरोबर होतं. तुझा आकड्यावर विश्वास होता आणि तू चार मजले चढत राहिलीस. मी आकड्याविरुद्ध जन्मभर भाषणं दिली आणि तिचं दार कधी बघितलं नाही. माझ्या सगळ्या दहा बुद्ध्या तेव्हा कुठे होत्या?

मी रडायला लागले. तिने माझी समजूत घातली नाही. पाणीही दिलं नाही. बरोबरच आहे. माझं रडणं थांबेपर्यंत बसून राहिली, मग तुझी वही उचलून पिशवीत टाकली आणि उठली.

मी विचारलं, "बसशील ना रविवारी?"

"तुमच्यावर राग आहे माझा," ती चपला घालत म्हणाली. "तो नंतर बघू. चार दिवस राहिलेत. उद्या सहाला घरी या."

"मी काय शिकवणार गं? मला गणित येत नाही."

"मला येतं. तुम्ही नुसतं समोर बसा. त्याही शेवटी शेवटी तेवढंच करायच्या."

पाच वाजून गेलेत. आता या उपनगरातून लालबागला पोचायला वेळ लागेल, मग चार मजले. मी निघते.